गोल कोपरा, सरळ पट्टी

अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यात, फिनिक्सच्या आसपासच्या वस्त्यांमधल्या कितीतरी घरांत भिंतींच्या बाहेरच्या कोपऱ्यांना धारच नसते. हॉलमधून बोळाकडे वळताना, स्वयंपाकघराच्या तोंडाशी, कोनाड्यांच्या कडांना, जिथे भिंत दिशा बदलते तिथे ती गोल होऊन वळते. रात्री दिवा न लावता पाणी प्यायला उठलं की तळहात त्या गोलाईवरून सरकत जातो आणि पाऊल बरोबर ओट्यापाशी पोचतं. इथे अशा कोपऱ्याला बुलनोज म्हणतात. जिप्सम बोर्डाचे दोन तक्ते काटकोनात भेटतात त्या कडेवर प्लॅस्टिकची किंवा पत्र्याची गोल पट्टी बसवायची, तिच्यावर पुट्टीचे दोन-तीन हात द्यायचे, घासायचं, रंगवायचं. गोलाईची त्रिज्या बहुतेक घरांत पाऊण इंच. आपल्याकडचा सुतार सहा सूत म्हणेल, आणि मीही पुढे सुतातच बोलणार आहे. इंचाचे आठ भाग मोजायला त्याहून सोयीचं माप मला माहीत नाही.

हे कोपरे मला घर बघायला आलो त्या दिवसापासून आवडत आले. त्यांचा खरा परिचय मात्र फरशी बदलताना झाला. जुना गालिचा निघाला, लाकडी पट्ट्यांची फरशी आली, आणि भिंतींच्या पायथ्याला नवी पट्टी बसवायची वेळ आली. इथे तिला बेसबोर्ड म्हणतात. माझ्या तोंडात स्कर्टिंगच बसलंय. काम स्वतः करायचं ठरवलं. इथली मजुरी महाग, हे एक कारण. दुसरं असं की माझे मामा सुतारकाम करायचे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्या शेजारी बसून रंध्यातून सुटणाऱ्या ढलप्या गोळा करणं हा माझा आवडता उद्योग होता. लाकडाचा वास आला की मला अजून कामाला हात लावावासा वाटतो.

स्कर्टिंगकडे कोणी बघत नाही, पण तिच्यावर घराचं बरंच काही सोपवलेलं असतं. जिप्समचा तक्ता जमिनीला टेकवत नाहीत. फरशीवर सांडलेलं पाणी तो शोषून घेतो म्हणून खाली अर्धा इंच जागा सोडतात. लाकडी फरशीही भिंतीला भिडवत नाहीत. हवेतल्या दमटपणाने ती फुगते, म्हणून कडेने दोन-तीन सुतांची फट ठेवावी लागते. या दोन्ही फटी ती एक पट्टी झाकते. शिवाय व्हॅक्यूमचे धक्के, बुटांची टोकं, ओल्या फडक्याचे शिंतोडे, सगळं तिच्याच अंगावर येतं.

सरळ भिंतीवर पट्टी ठोकायला फारसं डोकं लागत नाही. आतल्या कोपऱ्यात एक पट्टी थेट कोपऱ्यापर्यंत न्यायची आणि दुसरीचं टोक पहिलीच्या नक्षीप्रमाणे बारीक करवतीने कोरून तिला भिडवायचं. बाहेरच्या धारदार कोपऱ्यावर दोन्ही टोकांना 45 अंशांचे तिरके काप दिले की झालं. अडतं ते गोल कोपऱ्यापाशी.

तिथेही 45 आणि 45 केलं तर काय होतं, ते वरून वाकून बघावं. पट्ट्या आपल्या वाटेने सरळ पुढे जाऊन टोकदार कोपरा करतात, भिंत मात्र त्याआधीच वळलेली असते. पट्टीच्या माथ्यावर एक तिकोनी पोकळी उघडी पडते. पाऊण इंचाच्या गोलाईला तिची खोली 8 मिलिमीटर भरते: त्रिज्येला, 2 च्या वर्गमुळातून 1 वजा करून, गुणायचं. आठ मिलिमीटर म्हणजे धूळ, केस, खडूचे तुकडे आणि मुंग्या, सगळ्यांना पुरेशी जागा. त्याहून मला खटकतो तो दिसणारा विसंवाद. वर भिंत मऊ वळतेय आणि खाली तिच्याच पायाशी एक टोक बाहेर आलंय, चालताना पायाच्या करंगळीला लागेल असं.

यावर इथल्या सुतारांनी काढलेला मार्ग मला फार सुंदर वाटतो. वळण एकदम घ्यायचंच नाही. दोन पट्ट्यांच्या मध्ये एक चिमुकला तिसरा तुकडा घालायचा. 90 अंशांचं वळण 45 अंशांच्या दोन वळणांत वाटलं जातं, आणि प्रत्येक सांध्यावर दोन काप असल्यामुळे एका कापाच्या वाट्याला 22.5 अंश येतात. कोनात कापणाऱ्या यंत्रकरवतीवर, म्हणजे मायटर सॉवर, 22.5 ला ठरलेली खाच असतेच. पातं तिथे आपोआप अडकतं. मधल्या तुकड्याची भिंतीकडची रुंदी 0.62 इंच येते, म्हणजे जवळजवळ नेमके पाच सूत. पट्टी अर्धा इंच जाड असेल तर पुढून तोच तुकडा इंचापेक्षा किंचित जास्त दिसतो.

दहावीच्या भूमितीत वर्तुळाला स्पर्शिका काढायला शिकवतात. त्या वेळी कोणाला वाटत नाही की या रेघा कधी घरातल्या जमिनीवर येऊन बसतील. हा तीन तुकड्यांचा कोपरा म्हणजे एकाच वर्तुळाच्या तीन स्पर्शिका आहेत. पहिली पट्टी गोलाई सुरू होते तिथे भिंतीला स्पर्श करते, मधला तुकडा गोलाईच्या बरोबर मध्यावर, तिसरी पट्टी गोलाई संपते तिथे. स्पर्श तीन ठिकाणी, आणि त्यांच्या मध्ये सांध्यांमागे उरणारी पोकळी फक्त दीड मिलिमीटरची. आठावरून दीडावर आणणारं हे गणित मी कागदावर पुन्हा पुन्हा तपासलं, खात्री नव्हती म्हणून नव्हे, आनंद झाला म्हणून.

आता थोडं मागे जाते, कारण गोल कोपरा आला कुठून हे कळल्याशिवाय या कामातली गंमत पुरती कळत नाही.

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात, विशेषतः शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यात, घरं मातीची होती. उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटा, वर माती आणि काडाचा गिलावा. ताओस प्वेब्लो इथली मजल्यावर मजला चढवलेली मूळ रहिवाशांची मातीची घरं अजून उभी आहेत. 1992 साली ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. अशा भिंतीला धारदार कोपरा टिकत नाही. पाऊस आणि वारा आधी कडेलाच खातात, आणि गिलावा हाताने द्यायचा तर तळहाताला गोलच कोपरा जमतो. सांता फे शहराने 1957 मध्ये नियमच केला की जुन्या भागातल्या इमारतींनी हे मातीचं रूप राखलं पाहिजे. पुढे सबंध नैर्ऋत्येतल्या बिल्डरांनी त्या रूपाची आठवण जिप्सम बोर्डाच्या घरांतही आणली. माती गेली, विटा गेल्या, भिंत आतून पोकळ झाली. कोपऱ्याचं वळण तेवढं राहिलं.

ताओसजवळ रांचोस दे ताओस या गावात सान फ्रान्सिस्को दे आसिस नावाचं मातीचं चर्च आहे. त्याचं बांधकाम 1816 च्या सुमारास पूर्ण झालं. त्याची मागची बाजू चित्रकार जॉर्जिया ओकीफने रंगवली, छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्सने टिपली, त्यामुळे अनेकांनी ते न जाताही पाहिलेलं असतं. प्रत्यक्ष समोर उभं राहिलं की त्या जाडजूड, उतरत्या आधारभिंतींवर एकही सरळ रेघ सापडत नाही. 1967 साली देखभालीचा त्रास वाचावा म्हणून या चर्चला वरून सिमेंटसारखा कडक गिलावा केला. त्याला बारीक तडे गेले, पाणी आत शिरलं आणि बाहेर यायला वाट राहिली नाही. आतल्या विटा भिजून कुजायला लागल्या. 1979 मध्ये तो गिलावा खरवडून काढला आणि चर्च पुन्हा मातीकडे परत गेलं. आता गावातली मंडळी दर वर्षी एकत्र येऊन त्याला मातीचा हात देतात. न्यू मेक्सिकोत हे गिलाव्याचं काम परंपरेने बायकांचं. त्यांना एन्हार्रादोरा म्हणतात.

हे मी आईला सांगितलं तेव्हा तिला काहीच नवल वाटलं नाही. आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. तिचं माहेर सोलापूरकडचं, सांगोल्याच्या बाजूचं. घर धाब्याचं, भिंती पांढऱ्या मातीच्या. दसऱ्याच्या आधी घर काढायचं, भांडीकुंडी, गोधड्या सगळं अंगणात न्यायचं, आणि मग आजी, माम्या, शेजारच्या बायका भिंती पोतारायच्या. पाण्यात कालवलेली माती, तिच्यात शेण, हातात फडक्याचं पोतेरं. मी लहानपणी हे पाहिलंय. पोतेरं भिंतीवरून अर्धगोल फिरत जायचं आणि कोपरा आला की न थांबता पलीकडच्या भिंतीवर उतरायचं. त्या घराचा एकही कोपरा गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, नव्हता, आणि मामांसारखा गुण्याला चिकटून राहणारा माणूस त्या घरात राहत होता.

भिंती वाळल्या की खाली, पायथ्याशी, वीतभर रुंदीचा कावेचा तांबडा पट्टा ओढायचा. अंगणातल्या बाजूला पागोळ्यांचे शिंतोडे उडून भिंत मळायची, आतल्या बाजूला सारवताना शेणाचा हात लागायचा. तांबड्या पट्ट्यावर ते दिसायचं नाही. म्हणजे मातीच्या भिंतीलाही स्कर्टिंग होती. फक्त ती रंगाची होती, आणि रंगाला कोपऱ्यावर वळायला काही अडचण नव्हती. मुंबईतल्या जुन्या इमारतींत जागेवर ओतलेल्या मोझॅकची स्कर्टिंग असते, तीही अशीच वळते. ओली असताना वळून घेतलेली वस्तू सांधा मागत नाही.

लाकूड मात्र झाडातून सरळ चिरूनच येतं. पायथ्याला पट्टी ठोकायची रीत युरोपातल्या लाकडी आवरणाच्या, चौकोनी कोपऱ्यांच्या खोल्यांमधून आली, आणि इथे ती मातीच्या घराच्या आठवणीला येऊन भिडली. माझ्या हॉलच्या कोपऱ्यात हे दोन्ही वंश एकमेकांसमोर उभे होते, आणि त्यांना नीट जुळवायचं काम माझ्याकडे आलं होतं. मला ते काम लहान वाटलं नाही.

दुसरे मार्ग नाहीत असं नाही. दुकानात तयार कोपरे मिळतात. जाड ठोकळा कोपऱ्यावर चिकटवायचा आणि दोन्ही पट्ट्या सरळ कापून त्याला भिडवायच्या. वेळ वाचतो, पण ठोकळा पट्टीपेक्षा पुढे येतो आणि दर कोपऱ्यावर नजर अडते. रबरासारखी वाकणारी पॉलियुरेथेनची पट्टीही मिळते. गोल खांबाला किंवा मोठ्या वळणाच्या जिन्याला तिच्याइतकं चांगलं काही नाही. एका छोट्या कोपऱ्यासाठी मात्र ती महाग पडते आणि रंगाखालीही तिचा पोत शेजारच्या लाकडाहून वेगळा कळतो. पट्टीच्या पाठीवर एकमेकांलगत उभे काप घेऊन तिला वाकवायची जुनी पद्धतही आहे. अर्धा इंच जाडीला काटकोनात वळवायचं तर पाठीतून एकूण पाऊण इंचाहून थोडं जास्त लाकूड काढावं लागतं. एक सूत जाडीच्या पात्याने साधारण सहा काप. मोठ्या गोलाईला हे छान जमतं. सहा सुतांच्या गोलाईला सगळे काप दोन इंचांत दाटीने येतात, आणि पट्टी एमडीएफची, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या फळीची, असेल तर समोरचा पापुद्रा वाकण्याऐवजी तुटतो.

एक मार्ग मला अजिबात पटत नाही. काही जण पट्टीच्या उंचीएवढा कोपऱ्याचा खालचा भाग खरवडून तिथे चौकोनी कड तयार करतात, म्हणजे नेहमीचा 45 चा सांधा बसतो. भिंतीने ज्या रूपाने उभं राहायचं ठरवलंय ते आपल्या करवतीच्या सोयीसाठी मोडायचं, हे मला चुकीचं वाटतं. काम भिंतीच्या कलाने गेलं पाहिजे.

करायला बसलं की सगळ्यात आधी कोपरा खरंच 90 अंशांचा आहे का ते बघावं. बहुधा नसतो. गोल पट्टी झाकायला पुट्टीचे थर चढलेले असतात, त्यामुळे कोपऱ्याजवळ भिंत थोडी फुगते. मी पट्टीचे दोन टाकाऊ तुकडे दोन्ही भिंतींना टेकवून जमिनीवर कागदी चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर पेन्सिलीने त्यांच्या पुढच्या कडांच्या रेघा वाढवून काढल्या. रेघा जिथे भेटतात तिथला कोन सरकत्या गुण्याने उचलला. तो भिंतीच्या बाजूने 89 असला तर वळण 91 अंशांचं होतं, एका सांध्याच्या वाट्याला साडेपंचेचाळीस आणि एका कापाला 22.75 येतात; पातं खाचेतून काढून एवढं सरकवायला हवं, नाहीतर सांधा समोरून केसभर उघडा राहतो. मग 22.5 चेच तीन नमुना तुकडे करून, चिकटपट्टीने जोडून, कोपऱ्याकोपऱ्यावर फिरवायचे. कुठला कोपरा शहाणा आणि कुठला हट्टी ते लगेच कळतं.

मधला तुकडा कापणं हाच या कामातला जपायचा भाग. पाच सुतांचा तुकडा बोटांनी धरून कापायला जाऊ नये, कधीच. तो लांब पट्टीच्या टोकावरूनच कापायचा. हात पात्यापासून वीतभर लांब, पट्टी शिकंज्यात धरलेली, करवतीच्या पाठीमागच्या आधाराला एक सरळ फळी जोडलेली, म्हणजे सुटलेल्या तुकड्याला मागे आधार मिळतो. काप पूर्ण झाला की पातं खालीच ठेवून थांबायचं. ते पूर्ण स्थिर झाल्यावरच वर उचलायचं. फिरतं पातं वर घेतलं की तो चिमुकला तुकडा त्यात अडकून गोळीसारखा उडतो. डोळ्यांवर चष्मा हवा, आणि एमडीएफ असेल तर तोंडावर मास्क; त्याची धूळ इतकी बारीक असते की घशात बसून राहते.

जोडणी जमिनीवरच करावी. मधला तुकडा एका लांब पट्टीला लाकडाच्या गोंदाने चिकटवायचा, चिकटपट्टीने आवळायचा, वाळू द्यायचा. मग ती पट्टी भिंतीला लावून पलीकडून तिसरी भिडवायची. लांब पट्ट्यांची दुसरी टोकं तोवर कापायची नाहीत. कोपरा जुळला की मगच त्यांची लांबी ठरते. भिंतीतले उभे लाकडी खांब बहुधा 16-16 इंचांवर असतात, तिथे खिळे पकडतात. मधल्या तुकड्याला नेहमीचा खिळा मारला तर तो उभा चिरतो. त्याला 23 गेजची, बिनडोक्याची, सुईसारखी पिन पुरते, आणि खरं धरून ठेवायचं काम गोंद करतो.

आई हे सगळं खुर्चीत बसून बघत होती. "अगं, त्या कोपऱ्यापुढं तर सोफा येणार ना?" ती म्हणाली. सोफा येणारच होता. "येऊ दे गं," मी म्हटलं, "पण तुमच्याकडे कणगीमागची भिंत सोडून पोतारायचात का?" ती हसली आणि म्हणाली, "कणगीमागं तर आधी. तिथंच उंदीर येतात."

शेवटी माथ्याची फट भरायची असते. त्यासाठी कॉल्क नावाची पांढरी, लवचिक पेस्ट नळीत मिळते. पाण्यावरची अॅक्रिलिक घ्यावी, तिच्यावर रंग बसतो. बारीक धार सोडायची आणि ओल्या बोटाने एका दमात पुसत जायचं. सरळ भिंतीवर ते मी केलं. गोल कोपऱ्यावर मात्र मधेच बोट उचललं जात होतं आणि पेस्टेची घडी पडत होती. आई उठली, खाली बसली, बोट पाण्यात बुडवलं आणि पलीकडच्या भिंतीवर हातभर आधी सुरुवात करून, कोपऱ्यावर मनगट वळवत, न थांबता अलीकडे आली. घडी नाही, ओरखडा नाही. "कोपऱ्यावर सुरू करायचं नसतं," तिने सांगितलं, "कोपऱ्यातून जायचं असतं." उरलेले सगळे कोपरे तिनेच पुसले. दर वेळी बोट भिंतीवर टेकवण्याआधी ती पदराला एकदा निपटत होती, आणि तिच्या लुगड्याच्या त्या टोकावर पांढरे ठिपके कायमचे बसले.

बोळातल्या कमानीपाशी थोडं वेगळं करावं लागलं. तिथली गोलाई मोठी आहे, दीड इंच त्रिज्येची. तीन तुकड्यांनी तिथे सांध्यामागे तीन मिलिमीटरची पोकळी राहते, आणि पेस्टने एवढं भरलं की ते सुकून खाली बसतं. म्हणून मध्ये दोन तुकडे घातले. सांधे तीन, प्रत्येक काप 15 अंशांचा, मधल्या तुकड्यांची पाठ साडेसहा सुतांच्या आतबाहेर. पोकळी सव्वा मिलिमीटरच्या आसपास आली. याच हिशेबाने तुकडे वाढवत नेले तर पट्टी वर्तुळाच्या आणखी जवळ जाते, पण सांधेही वाढतात, आणि प्रत्येक सांधा हवेबरोबर हलतो. अॅरिझोनातही मॉन्सून असतो, जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. एरवी कोरडी ठणठणीत हवा त्या दिवसांत एकदम दमट होते, आणि लाकूड ते सगळं ऐकतं. कमानीसाठी चार तुकडे मला योग्य वाटले, हॉलसाठी तीनच.

कुणी करणार असेल तर एवढं सांगते की रंगाचा शेवटचा हात पट्टी बसल्यावर द्या, आधी नको. आधी रंगवलेल्या पट्टीच्या सांध्यांवर पेस्टेच्या पांढऱ्याची छटा वेगळी पडते. आणि त्याच पट्टीची एक हातभर लांबी गॅरेजमध्ये ठेवून द्या, मागे दुकानाचं नाव आणि नक्षीचा क्रमांक लिहून. ही नक्षी काही वर्षांनी दुकानात मिळेलच असं नाही, आणि मधला तुकडा पाचच सुतांचा असल्यामुळे तेवढ्या लांबीत घरातले बरेचसे कोपरे पुन्हा करता येतात.